संघ आपला, पण आपण कोणाचे?

खेळाडू आणि रसिक यांच्या नात्याचे वैशिष्ट्य असे की, ते एकाच बाजूने जुळलेले असते. जळकोटसारख्या गावी राहणाऱ्या क्रिकेटप्रेमी शिक्षकाला आपल्या आवडत्या संघातील अकराही जणांची नावे, त्यांचा फलंदाजीचा क्रम, कोण कोणत्या हाताने चेंडू टाकतो आणि कोणाचा झेल कोणत्या सामन्यात सुटला हे सारे तोंडपाठ असते. त्या अकरा जणांपैकी एकाला तरी जळकोट नकाशावर दाखविता येईल की नाही, याची मात्र शंका आहे. तरीही तो शिक्षक "काल आपण हरलो" असेच म्हणतो. "ते हरले" असे म्हणत नाही. या "आपण" शब्दात जी आपुलकी आहे, तिची किंमत आज बाजारात फार मोठी झाली आहे. ज्याच्या मनात ती उपजते, त्याच्या पदरात मात्र काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे.

"आपला संघ कोणता?" हा प्रश्न मुंबईकराला कधी पडला नाही. मराठवाड्यातील रसिकाला तो पडतो, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचा संघ पहिल्या वर्षापासून त्या स्पर्धेत खेळत होता आणि १९३७-३८ साली त्याने करंडक जिंकलाही. त्या हिशेबाने आमच्या आजोबांच्या पिढीचा संघ हैदराबादचा. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. राज्याचा नकाशा एक झाला, पण क्रिकेटचा नकाशा एक झाला नाही. रणजी स्पर्धेत या एका राज्याचे आजही तीन संघ आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मराठवाडा यांपैकी तिसऱ्यात मोडतो, आणि त्या तिसऱ्याचे केंद्र पुण्यात आहे. उदगीरच्या स्टेशनावर उभे राहिले तर हैदराबादची गाडी सहज मिळते. पुणे त्यामानाने लांबच. तेव्हा मन एकीकडे, भूगोल दुसरीकडे आणि कागदोपत्री संघ तिसरीकडे, अशी इथल्या रसिकाची स्थिती पहिल्यापासून आहे.

तरीही त्याने निष्ठा ठेवली. ही निष्ठा कशी रुजली हे पाहू गेल्यास आकाशवाणीचे ऋण मान्य करावेच लागेल. लहान गावातल्या माणसाने क्रिकेट पाहिले नाही, ऐकले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, तरी मराठवाड्याच्या अंतर्भागात चित्र पोहोचायला पुढची कित्येक वर्षे लागली. तोवर जे काही होते, ते ट्रान्झिस्टरच्या खरखरीतून येणाऱ्या आवाजात होते. हॉटेलच्या गल्ल्यावर एक संच वाजत असे आणि बाकांवर बसलेल्यांच्या मनात मैदान उभे राहत असे. चेंडू "पॉइंट"कडे गेला की कोणी उजवीकडे पाही, कोणी डावीकडे. बाळ ज. पंडितांसारख्या जाणत्या क्रिकेटपटूने मराठीतून धावते समालोचन करून या खेळाला मराठी शब्द दिले, वि. वि. करमरकरांसारख्या पत्रकाराने दैनिकातील क्रीडा पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही खेळातील बारकावा कळू लागला, तो या मंडळींमुळे. खेळ लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय खेळाडूंना जितके, तितकेच तो लोकांच्या भाषेत सांगणाऱ्यांना दिले पाहिजे.

ऐकून खेळ पाहण्यात एक गुण होता. कल्पनेला काम पडे, आणि जिथे कल्पनेला काम पडते तिथे माणूस नुसता गिऱ्हाईक राहत नाही, भागीदार होतो. १९७१ सालचा २४ ऑगस्ट हा दिवस आठवणारी मंडळी आज वृद्ध झाली आहेत. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताला विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. मैदानावर प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून चक्क एक हत्तीण आणली होती. इंग्लंडच्या भूमीवरील आपला तो पहिला कसोटी विजय. कर्णधार होते अजित वाडेकर, आणि विजयाचा चौकार ठोकला तो हैदराबादच्या सय्यद अबिद अलींनी. मुंबईचा कर्णधार, हैदराबादचा फलंदाज : मराठवाड्यातील श्रोत्याच्या विभागलेल्या निष्ठा एका क्षणी एकत्र आल्या. असे क्षण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येत नाहीत. पण "आपण" या शब्दाचा अर्थ रुंदावतो, तो अशा क्षणांनीच.

मात्र रसिकाची खरी कसोटी विजयात लागत नाही. जिंकणाऱ्याला सोयरे पुष्कळ मिळतात. महाराष्ट्राच्या रणजी संघाची कथा या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यानंतर आजपावेतो तो पुन्हा हाती आलेला नाही. १९४८ च्या डिसेंबरात, म्हणजे हैदराबाद संस्थान मुक्त होऊन तीन महिने झाले असताना, पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा त्या वेळचा विश्वविक्रम केवळ नऊ धावांवर राहिला होता. मध्यंतरात प्रतिस्पर्धी कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला आणि विक्रम तिथेच राहिला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे. आणि ती खेळणाऱ्याला एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सारे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. आता तरी करंडक आपला, असे महाराष्ट्राला वाटणे स्वाभाविक होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या मुंबईनेही महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. १९९२-९३ साली पंजाबने, २०१३-१४ साली कर्नाटकाने अंतिम सामन्यात हाच अनुभव दिला. यांतला शेवटचा सामना हैदराबादेत झाला होता, म्हणजे आमच्या उंबरठ्यावरच.

दरम्यान मुंबईने २०२३-२४ साली बेचाळिसावा करंडक उचलला. ज्या विदर्भाला एके काळी कोणी गणतीत धरीत नसे, त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा तो मिळविला. महाराष्ट्राची बेरीज मात्र दोनवरच थांबलेली आहे. अशा संघाच्या मागे जो उभा राहतो, त्याला वेडा म्हणावे की निष्ठावान, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते हरणाऱ्या संघावर प्रेम करणे हे एक प्रकारचे शिक्षण आहे. दुसऱ्याच्या अपयशात सहभागी होणे, पुढच्या हंगामाची वाट पाहणे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाला मनातल्या मनात दाद देणे, या गोष्टी वर्गात शिकविता येत नाहीत.

या ठिकाणी एक आक्षेप ऐकू येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. क्रिकेटच्या नादाने विद्यार्थ्यांचे तास बुडतात, कचेरीत कामे तुंबतात, पावसाने ओढ दिली असताना लोक धावसंख्या विचारीत बसतात. हे कसले शिक्षण? आक्षेपात तथ्य आहे. ज्या भागात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे खेळाचे हे कौतुक काहींना चैन वाटेल. परंतु माणूस केवळ गरजांवर जगत नाही. कीर्तन, जत्रा, कुस्तीचा फड यांनी या रुक्ष भूमीतले जीवन सुसह्य केले, ते दुष्काळ नव्हता म्हणून नव्हे, तर दुष्काळ असूनही. क्रिकेटच्या संघामागे जाणे हे त्याच परंपरेतले आहे. दोष रसिकतेत नाही. तिचा कोणी कसा उपयोग करून घेतो, यात आहे.

तो उपयोग आता कसा होतो ते पाहू. २००८ साली आयपीएल आली आणि संघ ही मालकीची वस्तू झाली. हैदराबादला डेक्कन चार्जर्स नावाचा संघ मिळाला. दुसऱ्याच वर्षी, २००९ साली, त्याने विजेतेपद पटकाविले, आणि २०१२ नंतर तो अस्तित्वातच राहिला नाही. पुण्याला २०११ साली वॉरियर्स मिळाले. तीन हंगामांत तेही गेले. २०१६ साली रायझिंग पुणे नावाचा दुसरा संघ आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात, पुन्हा हैदराबादेतच, मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करताना तो १२८ वर थांबला. एका धावेने विजेतेपद हुकले. रणजीच्या रसिकाने अशा वेळी "पुढच्या वर्षी पाहू" म्हटले असते. या संघाला पुढचे वर्षच नव्हते. त्याचा करार दोन वर्षांचा होता व तो संपला होता. पराभव सहन करता येतो. ज्याच्या पराभवाचे दुःख करायचे, तोच उरला नाही, तर रसिकाने काय करावे?

हा अनुभव आपल्याकडे नवा असला तरी जगाला नवा नाही. अमेरिकेत बेसबॉलचे वेड आपल्या क्रिकेटइतकेच जुने आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचा डॉजर्स नावाचा संघ होता. कामगार आणि स्थलांतरितांच्या त्या वस्तीने वर्षानुवर्षे त्याचे पराभव सोसले आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत आशा जागती ठेवली. १९५५ साली अखेर त्याने विश्वमालिका जिंकली. दोनच वर्षांनी, १९५७ चा हंगाम संपताच, मालकाने तो संघ उचलून लॉस एंजल्सला नेला. १९६० साली त्याचे मैदानही पाडले गेले व तेथे इमारती उभ्या राहिल्या. कायद्याने मालकाचे काही चुकले नव्हते. संघ त्याचा होता. पण तो ब्रुकलिनचाही होता, हे कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नव्हते. उलट बाजूचे उदाहरणही त्याच देशात आहे. ग्रीन बे नावाच्या लाखभर वस्तीच्या शहराचा फुटबॉल संघ १९२३ पासून लोकांच्या भागांवर चालतो. भागधारकांना लाभांश मिळत नाही. पण संघ गाव सोडून जात नाही. जर्मनीतील फुटबॉल संघांतही मताधिक्य सभासदांच्या हाती राहावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे व्यवसाय आणि आपुलकी यांची सांगड घालणे अशक्य नाही. इच्छा असली पाहिजे.

याहून गंभीर एक गोष्ट मोबाइलच्या पडद्यावर घडली. पैसे लावून "स्वतःचा संघ" बनविण्याचे खेळ गेल्या काही वर्षांत गावोगाव पसरले. दोन्ही बाजूंचे मिळून अकरा जण निवडायचे, आणि त्यांच्या धावा-बळींवर पैसे लावायचे. वरवर पाहता हा खेळाच्या ज्ञानाचा कस वाटतो. पण त्याने रसिकतेचे मूळच कापले. ज्याचे निम्मे खेळाडू इकडचे व निम्मे तिकडचे, त्याला कोण जिंकले याचे सोयरसुतक उरत नाही. "आपण हरलो" ऐवजी "माझे पैसे गेले" एवढेच उरते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु कायद्याने दुकान बंद होते, सवय बंद होत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या मनात संघाची जागा पुन्हा संघाला मिळवून द्यायची असेल, तर ते काम पोलिसांचे नाही. ते शिक्षकांचे, पालकांचे आणि खेळ चालविणाऱ्या संस्थांचे आहे.

आता प्रश्न हक्काचा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाविषयीच्याच एका खटल्यात असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्या. पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. पुढे २००७ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे, असे बंधन घातले गेले. यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने गरीब घरातही दिसू शकतात. या तरतुदीचे मोल शहरातल्या वर्गणीदाराला कळणार नाही. खेड्यातल्या मजुराला कळेल. पण रणजी करंडकाला हे संरक्षण नाही, आयपीएललाही नाही. "आपल्या" प्रादेशिक संघाचा सामना पाहायचा, तर वर्गणी भरा किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी शोधा, हाच पर्याय उरतो. ज्या संघाच्या नावात आपल्या राज्याचे नाव आहे, त्याचा आवाजही आपल्याला फुकट ऐकू येऊ नये, ही गोष्ट मनाला पटत नाही.

यासाठी फार खर्चिक उपायांची गरज नाही. महाराष्ट्राच्या रणजी सामन्यांचे मराठी समालोचन आकाशवाणीने नियम म्हणून करावे. त्याला कॅमेरे लागत नाहीत. दोन जाणकार आणि एक ध्वनिक्षेपक पुरतो. परभणी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. त्यांच्या लहरी शेताच्या बांधापर्यंत पोहोचतात. दुसरे असे की, सामने लोकांकडे गेले पाहिजेत. नाशिक व सोलापूर येथे अलीकडे रणजीचे सामने झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तोच मान मराठवाड्यातील जिल्ह्याच्या ठिकाणांनाही ठरावीक क्रमाने मिळावा, आणि त्यासाठी लागणारी मैदाने सिद्ध करण्याची जबाबदारी शासन व क्रिकेट संघटना यांनी वाटून घ्यावी. पुण्याच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्यांसमोर चार दिवस खेळण्यापेक्षा जिल्ह्याच्या गावी शाळकरी मुलांसमोर खेळणे खेळाडूंनाही अधिक आवडेल.

कारण या भूमीत गुणांचा तुटवडा नाही. बीडला जन्मलेल्या संजय बांगरने २००२ साली हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत ६८ धावांचा जो चिवट डाव खेळला, त्याने त्या कसोटीच्या विजयाचा पाया घातला. पण तो पुढे आला रेल्वेच्या संघातून. जालन्याचा विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ च्या विश्वविजेत्या युवा संघात होता, आणि बीडच्या सचिन धसने २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. ही सारी मुले लहान गावांतून आली. त्यांना प्रथम कोणी तरी खेळताना पाहिले, टाळी वाजविली, म्हणून ती पुढे गेली. टाळी वाजविणारा हा खेळाच्या व्यवहारातला बिनपगारी पण अत्यावश्यक कामगार आहे.

आणि रसिकाचीही एक जबाबदारी आहे, ती टाळता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला या दोन्ही भारतीय संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हा आपल्या मातीतला खेळ. जळकोटच्या कोणत्याही शाळेच्या अंगणात त्याची रेघ आखता येते. आयपीएलमधील परक्या देशाच्या खेळाडूची सरासरी पाठ असणाऱ्या किती जणांना ही दोन नावे ठाऊक आहेत? दूरच्या संघावर प्रेम करावे. त्यात गैर काही नाही. पण शेजारच्या शाळेचा संघ तालुक्याच्या स्पर्धेत खेळत असता कडेला दहा माणसेही उभी नसावीत, हे त्या प्रेमाला शोभत नाही.

संघ कोणाचा, याचे उत्तर करारपत्रात शोधू गेल्यास मालकाचे नाव सापडेल. लोकांच्या मनात शोधल्यास वेगळे उत्तर मिळेल. या दोन उत्तरांतील अंतर कमी करणे, हेच क्रीडासंस्थांचे आणि प्रसारणाच्या सार्वजनिक यंत्रणेचे काम आहे. निष्ठा विकत घेता येत नाही आणि करार संपला म्हणून ती संपतही नाही. वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाची धावसंख्या विचारणारा एखादा कारकून, एखादा शिक्षक, एखादा विद्यार्थी मराठवाड्याच्या कोपऱ्यात आहे, तोवर त्या संघाला भवितव्य आहे. त्याची दखल घेण्याइतके सौजन्य संघ चालविणाऱ्यांनी दाखवावे, एवढीच अपेक्षा. आणि ती अवाजवी खासच नाही.